मातीची राखण

(पाऊस शेतकऱ्याचा मित्र आहे, परंतु उघड्या व उताराच्या जमिनीवर तोच तिचा सुपीक थर वाहून नेतो. ही माती कशी जाते, कोठे जाते आणि ती अडविण्यासाठी काय करावे लागते, याचे विवेचन प्रस्तुत पाठात केले आहे.)

नाशिक जिल्ह्याच्या निफाड तालुक्यातील लासलगाव हे गाव कांद्याच्या बाजारपेठेमुळे साऱ्या देशाला परिचित आहे. मुंबईहून भुसावळकडे जाणाऱ्या लोहमार्गावर निफाडच्या पुढे आणि मनमाडच्या अलीकडे हे स्थानक लागते. येथील बाजार समिती १९४७ साली स्थापन झाली. हंगामाच्या दिवसांत कांद्याने भरलेल्या वाहनांच्या रांगा पहाटेपासून बाजाराच्या आवारात उभ्या राहतात, लिलाव पुकारले जातात आणि लासलगावी काय भाव निघाला, याकडे दूरदूरच्या शहरांतील व्यापारी कान लावून बसतात. बाजारात कांद्याचे मोल असे रोज ठरते. परंतु ज्या मातीने तो कांदा पोसला, तिचे मोल मात्र कोणी पुकारीत नाही. ती आहे तोवर तिची आठवण होत नाही. आणि ती गेल्यावर कोणत्याही बाजारात विकत मिळत नाही.

या मातीचा इतिहास फार जुना आहे. सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी भूगर्भातून उसळलेल्या तप्त रसाचे थरावर थर साचून दख्खनचे पठार तयार झाले. त्या काळ्या पाषाणावर ऊन, वारा व पाऊस यांचा मारा अखंड होत राहिला. खडकाचा मुरूम झाला, मुरमाची माती झाली. तीत गवताची मुळे कुजली, पालापाचोळा मिसळला, गांडुळांनी व असंख्य सूक्ष्म जीवांनी ती भुसभुशीत केली, तेव्हा कोठे तिला पीक पोसण्याची शक्ती आली. एक इंच जाडीचा असा थर तयार होण्यास शेकडो वर्षे लागतात. पिकाचे बहुतेक अन्न याच वरच्या थरात असते. कांद्याच्या बाबतीत तर हे विशेष खरे आहे. कांद्याची मुळे फार खोल जात नाहीत. वीतभर मातीतच त्याचा सारा संसार असतो. ती वीतभर माती गेली, तर खाली कितीही खोल जमीन असली तरी कांद्याला तिचा फारसा उपयोग नाही.

ही माती जाते तरी कशी? पावसाचा मोठा थेंब ताशी सुमारे ३० किलोमीटर वेगाने जमिनीवर आदळतो. जमिनीवर गवत किंवा पीक असेल, तर तो मार पानांवर बसतो आणि पाणी हळूहळू मातीत मुरते. जमीन उघडी असेल, तर थेंबाच्या आघाताने मातीची ढेकळे फुटतात, बारीक कण उडतात आणि जमिनीची छिद्रे बुजवितात. मग पाण्याला मुरण्यास वाट राहत नाही. ते उताराने वाहू लागते. एका हेक्टर शेतावर केवळ २५ मिलिमीटर पाऊस पडला, तरी त्याचे पाणी अडीच लाख लिटर होते. त्यातील थोडे पाणी जरी उताराला लागले, तरी ते रिकाम्या हाताने जात नाही. शिवाय पाण्याचा वेग दुप्पट झाला, की त्याचा जोर चौपट होतो. म्हणून उतार जितका लांब व तीव्र, तितकी हानी अधिक.

धूप तीन पायऱ्यांनी वाढते. प्रथम साऱ्या शेतावरून मातीचा पातळ पापुद्रा निघून जातो. जणू फळाची साल काढावी तशी. हिला सालकाढी धूप म्हणतात. ही सर्वांत फसवी असते, कारण ती डोळ्यांना दिसत नाही. पुढे पाणी ठिकठिकाणी एकत्र येऊन बोटभर, हातभर रुंदीच्या रेघा पाडते. ती ओघळी धूप होय. नांगर फिरला, की ओघळी बुजतात आणि शेतकरी त्या विसरून जातो. परंतु दुर्लक्ष झाले, तर त्याच ओघळी वर्षानुवर्षे खोल होत जाऊन त्यांच्या घळी बनतात. घळीत बैल उतरत नाही, औत चालत नाही. शेताचे दोन तुकडे होतात. घळ पाहून माणूस हळहळतो. पण तिचा आरंभ ज्या पातळ पापुद्र्यापासून झालेला असतो, त्याकडे त्याने अनेक वर्षे डोळेझाक केलेली असते.

या हानीचा हिशेब मांडून पाहण्यासारखा आहे. एका हेक्टरवरील एक मिलिमीटर जाडीच्या मातीचे वजन सुमारे १३ टन भरते. डेहराडून येथील मृद्संधारण संशोधन संस्थेतील शास्त्रज्ञांनी १९८३ साली असा अंदाज प्रसिद्ध केला, की भारतात दरवर्षी दर हेक्टरी सरासरी १६.३५ टन माती जागची हलते. म्हणजे वर्षाला सव्वा मिलिमीटर. पोस्टकार्डाच्या चार-पाच पानांइतकी ही जाडी! कोणाच्या लक्षात यावी? परंतु याच गतीने वीस वर्षांत एक इंच माती जाते. निसर्गाने शेकडो वर्षे राबून जे उभे केले, ते माणसाच्या एका पिढीत नाहीसे होते. शिवाय पाणी जे प्रथम उचलते, ते मातीतील सर्वांत बारीक व सकस कण असतात. मागे राहतात ते खडे आणि मुरूम. चांगली काळी जमीन बघता बघता बरड होते, ती अशी.

लासलगावच्या परिसरात पाऊस बेताचाच पडतो. उत्तरेस सातमाळ्याच्या रांगेतील चांदवडचे डोंगर आहेत. तेथून दक्षिणेकडे जमीन उतरत जाते आणि ओढ्यानाल्यांचे पाणी अखेर गोदावरीला मिळते. पाऊस बेताचा, म्हणून धूपही बेताची, असा समज होणे साहजिक आहे. पण तो खरा नव्हे. येथील पाऊस संथपणे रिमझिमत नाही. पुष्कळदा तो थोड्या वेळात झोडपून निघून जातो. त्यातच पिकांच्या वेळापत्रकाची अडचण असते. उन्हाळी कांदा काढून झाला, की वैशाखात शेत रिकामे होते. खरिपाच्या कांद्याची रोपे जून-जुलैत अजून वाफ्यातच असतात. पुनर्लागण व्हावयाची, म्हणून शेत नांगरून, कुळवून, भुसभुशीत करून ठेवलेले असते. आणि नेमक्या याच वेळी पावसाचे जोरदार तडाखे बसतात. अंगावर पांघरूण नसलेल्या माणसाने थंडीत उघड्यावर निजावे, तशी त्या मातीची अवस्था होते.

वाहून गेलेली माती कोठे जाते, याचे उत्तर शोधण्यासाठी फार दूर जावे लागत नाही. लासलगावच्या नैर्ऋत्येस, निफाड तालुक्यातच, गोदावरी व कादवा या नद्यांच्या संगमाजवळ नांदूर मध्यमेश्वर येथे विसाव्या शतकाच्या आरंभी दगडी बंधारा बांधण्यात आला. त्याच्या दोन्ही बाजूंनी निघालेल्या कालव्यांनी कोपरगाव, राहाता या भागांतील जमिनी भिजू लागल्या. परंतु पाणी अडविणाऱ्या बंधाऱ्याने पाण्याबरोबर आलेली मातीही अडविली. वरच्या अंगाच्या शिवारांतून दर पावसाळ्यात येणारा गाळ तेथे साचत गेला. पाणी साठविण्याची जागा कमी होत गेली. जलाशयात उथळ पाणथळी व मातीची बेटे तयार झाली. त्या दलदलीत पाणवनस्पती माजल्या, मासे व कीटक वाढले आणि त्यांच्या ओढीने चक्रवाक, क्रौंच, चमचा अशा पक्ष्यांचे थवे हिवाळ्यात येथे उतरू लागले. १९८६ साली हे पक्षी अभयारण्य घोषित झाले. पुढे जगातील महत्त्वाच्या पाणथळ जागांच्या रामसर यादीत त्याचा समावेश झाला आणि हा मान मिळविणारे ते महाराष्ट्रातील पहिले स्थळ ठरले. पक्ष्यांना लाभलेले हे माहेर सर्वांनी जपावे असेच आहे. तथापि त्या बेटांवरील माती एके काळी कोणाच्या तरी शेतात होती आणि तेथे भाकरी पिकवीत होती, हेही विसरून चालणार नाही. एकाच गाळाने वरच्या शेताची सुपीकता नेली आणि खालच्या कालव्याच्या पाण्याची जागाही घेतली.

धूप हे केवळ आपल्याच देशावरील संकट नव्हे. १९३० नंतरच्या दशकात अमेरिकेच्या मध्यभागातील विस्तीर्ण मैदानांत अवर्षण पडले. तेथील मूळचे गवत पूर्वीच नांगराखाली गेले होते. उघडी पडलेली माती वाऱ्याने उडू लागली; धुळीच्या वादळांनी भरदिवसा अंधार केला आणि हजारो कुटुंबांना घरदार सोडावे लागले. तेव्हा कोठे १९३५ साली त्या संपन्न राष्ट्राने मृद्संधारणाचा कायदा केला.

आपल्याकडील शेतकऱ्याला मातीच्या रक्षणाचा उपाय नवा नाही. बांध आणि ताली घालण्याची रीत फार जुनी आहे. महात्मा जोतीराव फुले यांनी १८८३ साली लिहिलेल्या 'शेतकऱ्याचा असूड' या ग्रंथात या प्रश्नाचा विचार केलेला आढळतो. पावसाचे पाणी शेतातून मुरत मुरत मग ओढ्यानाल्यांस मिळेल, अशा बेताने ठिकठिकाणी ताली व बंधारे घालावेत आणि त्यासाठी सरकारने आपल्या लष्करातील व पोलीस खात्यातील मनुष्यबळाचा उपयोग करावा, अशी सूचना त्यांनी केली होती. त्या काळाच्या मानाने ही दृष्टी किती दूरवरची होती, हे आज विशेष जाणवते.

मात्र बांध या शब्दाला आपल्या खेड्यांत दुसराही एक अर्थ येऊन चिकटला आहे. बांध म्हणजे माझे शेत कोठे संपते आणि शेजाऱ्याचे कोठे सुरू होते, ते सांगणारी रेघ. या रेघेवरून भाऊबंदांत वैर माजते. कोणी दरवर्षी नांगराच्या एका तासाने बांध कोरतो, दुसरा त्याच्यावर फिर्याद करतो. हातभर जमिनीसाठी पिढ्यान्‌पिढ्या कचेरीच्या पायऱ्या झिजविल्या जातात. आश्चर्य असे, की भांडण चालू असते त्याच काळात दोघांच्याही शेतांतील माती मुकाट्याने ओढ्याकडे चाललेली असते. बांध कोरला गेल्याने ती अधिकच वेगाने जाते.

पाण्याला सातबाऱ्याचा उतारा वाचता येत नाही. ते जमिनीच्या उताराने जाते, मालकीच्या हद्दीने नव्हे. म्हणून माती अडविणारा बांध उताराला आडवा, सारख्या उंचीच्या रेषेवर घालावा लागतो. त्याला समपातळी बांध म्हणतात. ही रेषा कधी एकाच्या शेतातून वाकडी जाते, कधी तीन-चार मालकांच्या जमिनींतून ओढली जाते. एकट्यादुकट्याने करावयाचे हे काम नव्हे. वरच्या शेतकऱ्याने पाणी मोकळे सोडले, तर खालच्याचा बांध पहिल्याच पुरात फुटतो. या कारणानेच त्या काळच्या मुंबई प्रांतात १९४२ साली जमीन सुधारणा योजनांचा कायदा करण्यात आला आणि अनेकांच्या जमिनींवर मिळून बांधबंदिस्तीची योजना राबविण्याची सोय झाली. पुढे १९७२ च्या भीषण दुष्काळात महाराष्ट्रातील लक्षावधी स्त्रीपुरुष सरकारी कामांवर गेले. पोटाची आग विझविण्यासाठी त्यांनी जी कामे केली, त्यांत बांधबंदिस्तीची व नाले अडविण्याची कामेही होती. रोजगार हमी योजनेला १९७७ साली कायद्याचा आधार मिळाला, तेव्हा अशा कामांना कायमचे स्थान लाभले.

सारख्या उंचीची रेषा शोधण्यास मोठी यंत्रेच हवीत, असे नाही. सारख्या लांबीच्या दोन सरळ काठ्यांची वरची टोके एकत्र बांधावीत, पाय फाकवावेत आणि मध्ये एक आडवी काठी बांधावी. वरच्या टोकापासून दोरीने एक दगड ओळंब्यासारखा लोंबता ठेवावा. दोन्ही पाय सारख्या उंचीवर टेकले, म्हणजे दोरी आडव्या काठीच्या बरोबर मध्यावर येते. एक पाय जागी ठेवून दुसरा त्याप्रमाणे टेकवीत आणि प्रत्येक जागी खुंटी ठोकीत गेल्यास शेतावर समपातळीची रेषा उमटते. ती क्वचितच सरळ असते. जमिनीचे खरे रूप त्या वाकड्या रेषेतच दिसते.

बांध घातला, म्हणजे काम संपले असे मात्र नव्हे. बांधाला योग्य जागी दगडी सांडवा ठेवावा लागतो. जादा पाण्याला वाट न मिळाल्यास ते बांधच फोडून जाते. जमिनीचा प्रकारही पाहावा लागतो. हलक्या व मध्यम जमिनीत पाणी लवकर मुरते, तेथे समपातळी बांध उपयोगी पडतात. भारी काळ्या जमिनीत पाणी सावकाश मुरते. तेथे बांधामागे पाणी तुंबून पीक पिवळे पडते. उन्हाळ्यात बांधाला भेगा पडतात आणि पहिल्याच पावसात तो खचतो. म्हणून अशा ठिकाणी किंचित उतार दिलेले ढाळीचे बांध घालून जादा पाणी हळूहळू बाहेर काढतात. कामाचा क्रमही महत्त्वाचा आहे. आरंभ डोंगराच्या माथ्यापासून करावा आणि पायथ्याकडे यावे. माथ्यावर समतल चर व गवत, मध्ये शेतांचे बांध, खाली नाल्यातील बंधारे, असा तो क्रम होय. पायथ्याचा बंधारा आधी बांधला, तर तो वरच्या गाळाने भरून जातो.

काही उपाय असे आहेत, की त्यांना फारसा पैसा लागत नाही. सवय तेवढी बदलावी लागते. नांगरट, पेरणी व सऱ्या उताराला आडव्या केल्यास प्रत्येक तास हा एक छोटा बांधच होतो. उतारालगत सरळ नांगरणे यंत्राला सोयीचे वाटते. पण तसे केल्याने प्रत्येक तास पाण्याला धावण्यासाठी वाट होते. मटकी, हुलगा, भुईमूग यांसारखी पसरणारी पिके जमिनीला झाकतात. म्हणून बाजरीसारख्या उभ्या पिकांच्या पट्ट्यांमध्ये त्यांचे पट्टे पेरावेत. कांद्याची पुनर्लागण होईपर्यंत शेत उघडे ठेवण्याऐवजी, जेथे वेळ व पाणी अनुकूल असेल तेथे, ताग पेरून तो जमिनीत गाडावा. त्याने मातीवर पांघरूण पडते आणि हिरवळीचे खतही मिळते. शेणखत घातलेली माती पाणी धरून ठेवते व सहज विरघळत नाही. बांधावर पवना, मारवेल यांसारखे गवत वाढविल्यास मुळांच्या जाळ्याने बांध पक्का होतो आणि जनावरांना वैरणही मिळते.

सारे गाव एकदिलाने कामाला लागले, म्हणजे काय घडू शकते, याचे उदाहरण शेजारच्या अहिल्यानगर जिल्ह्यात, म्हणजे पूर्वीच्या अहमदनगर जिल्ह्यात, पाहावयास मिळते. तेथील हिवरे बाजार हे गाव डोंगरांच्या कुशीत वसलेले आहे. पाऊस थोडा, डोंगर उघडे, विहिरी कोरड्या. त्यामुळे पुष्कळ लोक गाव सोडून मजुरीसाठी बाहेर जात. १९८९ साली पोपटराव पवार हे सरपंच झाले. ग्रामस्थांनी श्रमदान आरंभिले, डोंगरउतारांवर समतल चर खोदले, शेतांना बांध घातले, नाले अडविले. मोकळी गुरे चारण्यास व झाडे तोडण्यास गावाने आपणहून बंदी केली. डोंगरावर गवत वाढले, माती जागी राहिली, विहिरींना पाणी आले आणि बाहेर गेलेली कुटुंबे परत येऊ लागली. तेथे पाऊस वाढला नव्हता. पडलेल्या पावसाला गावात थांबण्यास जागा मिळाली होती. पोपटराव पवार यांना २०२० साली पद्मश्री जाहीर झाली.

लासलगावच्या शिवारातील एखाद्या लहान शेतकऱ्याने विचारले, "बांधाखाली माझे दोन गुंठे जातील, त्याची भरपाई कोण देणार?" तर त्याचा प्रश्न हसण्यावारी नेण्यासारखा नाही. ज्याच्याजवळ दीड-दोन एकर जमीन आहे, त्याला दोन गुंठ्यांचेही मोल मोठे असते. बांधाचा खर्च आज करावा लागतो. लाभ सावकाश मिळतो आणि त्यातील काही वाटा खालच्या शेजाऱ्याला जातो. म्हणूनच हा भार एकट्याच्या माथी न मारता गावाने व शासनाने मिळून उचलणे न्याय्य ठरते. परंतु दुसरी बाजूही ध्यानात घ्यावी लागते. बांधाखाली गेलेले दोन गुंठे शेतातच राहतात, त्यांवर गवत उगवते, कडेला झाड उभे राहते. ओढ्याला मिळालेली माती मात्र परत येत नाही.

आजवर बांधाने दोन शेतांना वेगळे केले. उताराला आडवा घातलेला बांध त्यांना एकत्र आणतो. कारण वरच्याची माती आणि खालच्याचे पीक दोन्ही त्याच्याच आधाराने टिकतात. जमीन वाडवडिलांकडून मिळते, असे आपण म्हणतो. ती पुढच्या पिढीच्या हाती देताना सातबाऱ्यावरील क्षेत्र तर तितकेच भरेल. पण त्या क्षेत्रावर वीतभर माती उरली आहे की नुसता मुरूम, हे कागदावर लिहिलेले नसते. ते ठरते दर पावसाळ्यात, शेताच्या उतारावर.

शब्दार्थ

मृद्संधारण – मातीचे रक्षण, माती जागच्या जागी टिकविणे.
धूप – पाण्याने किंवा वाऱ्याने माती झिजून निघून जाणे.
बरड – खडकाळ, नापीक.
ताल – उतारावर माती व पाणी अडविण्यासाठी घातलेला उंच बांध (अनेकवचन : ताली).
सांडवा – जादा पाणी बाहेर जाण्यासाठी ठेवलेली वाट.
ओळंबा – दोरीला जड वस्तू बांधून केलेले उभी रेषा पाहण्याचे साधन.
तास – नांगराने पडणारी रेघ.
सातबारा – जमिनीची मालकी, क्षेत्र व पिके यांची नोंद असलेला सरकारी उतारा.
अवर्षण – पाऊस न पडणे.

स्वाध्याय

१. पुढील प्रश्नांची एकेका वाक्यात उत्तरे लिहा.
(अ) कांद्याच्या पिकाला जमिनीचा वरचा थर विशेष महत्त्वाचा का असतो?
(आ) सालकाढी धूप फसवी का म्हटली आहे?
(इ) नांदूर मध्यमेश्वर येथे कोणत्या दोन नद्यांचा संगम होतो?

२. थोडक्यात उत्तरे लिहा.
(अ) उघड्या जमिनीवर पावसाचा थेंब पडल्यावर काय घडते?
(आ) भारी काळ्या जमिनीत समपातळी बांध का टिकत नाहीत?
(इ) बांधबंदिस्तीची कामे माथ्यापासून पायथ्याकडे का करावीत?

३. 'पाण्याला सातबाऱ्याचा उतारा वाचता येत नाही', या वाक्याचा आशय आपल्या शब्दांत स्पष्ट करा. या वाक्यातील 'उतारा' आणि पाठातील 'उतार' या शब्दांच्या अर्थांतील भेद सांगा.

४. बांधासाठी दोन गुंठे जमीन देण्यास कचरणारा शेतकरी आणि त्याचा खालच्या शेताचा शेजारी यांच्यातील संवाद दहा-बारा ओळींत लिहा.

५. पुढील वाक्प्रचारांचा अर्थ सांगून वाक्यांत उपयोग करा.
कान लावून बसणे, डोळेझाक करणे, कचेरीच्या पायऱ्या झिजविणे, हसण्यावारी नेणे.

६. पाण्याचा हिशेब : एका हेक्टरवर २५ मिलिमीटर पाऊस पडल्यास अडीच लाख लिटर पाणी होते. तर दोन हेक्टर शेतावर ४० मिलिमीटर पाऊस पडल्यास किती लिटर पाणी होईल?

७. उपक्रम : दोन सारखे पसरट डबे घ्या. एकात नुसती माती व दुसऱ्यात गवतासह माती भरा. दोन्ही सारखे तिरपे ठेवून त्यांवर झारीने सारखेच पाणी घाला. खाली जमलेले पाणी दोन काचेच्या पेल्यांत घेऊन त्यांच्या रंगांची तुलना करा आणि आपले निरीक्षण वहीत लिहा.